आहेरात गेलेलं कापड

आमच्याकडे लग्नात पुरुष पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. त्या टॉवेलाने अंग पुसलं जात नाही, पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं. टोपी कोणाच्याच डोक्याला बसत नाही. तरी मांडवात नाव पुकारलं की माणूस नवरदेवासारखा पुढे जातो, टोपी घालून घेतो, खांद्यावर टॉवेल टाकून घेतो, हात जोडतो. घरी आला की तेच बायकोकडे फेकतो, "ठेव पेटीत." पुढच्या लग्नात ते दुसऱ्याच्या खांद्यावर. एका टॉवेलाच्या कोपऱ्याला हळदीचा डाग आहे, तो मी कुठेही ओळखते. आमच्या घरून गेला आणि फिरून तीन वेळा आमच्याच घरी आला. याला मान देणं म्हणतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे अशी अख्खी लोखंडी पेटी भरलेली आहे. आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत आणि मळा एकच. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, वांगी, भेंडी लावतो आणि बाजाराला पाठवतो. खुरपायला, तोडायला, जुड्या बांधायला मी असते. जाऊबाई लग्नाकार्याला असतात. आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, ते संस्कृतीला असतात. गावात काहीही कार्यक्रम असो, ते फेटा बांधून माइकपाशी जातात आणि आपली संस्कृती कशी बुडत चालली ते सांगतात. एकदा त्यांनी शहरातल्या कॉलेजच्या मुली आणून बंजारा नाच ठेवला होता. घागरे भाड्याचे, आरसे गोंदाने चिकटवलेले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या बाया तेव्हा आमच्या मळ्यात कामाला होत्या, त्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीच्या ओढणीवरचं सगळं काम तिच्याच हातचं. ती मला म्हणाली, "बाई, हा कोनाचा नाच हाये?" मी म्हटलं, तुमचा. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. भासऱ्यांनी माइकवरून तिलाच गप्प बसायला सांगितलं.

त्यांची मुलगी, माझी पुतणी, युक्रेनला डॉक्टरकी शिकत होती. लढाई सुरू झाली तेव्हा आठ दिवस आमच्या दोन्ही घरांत कोणी नीट जेवलं नाही. जाऊबाई तेव्हा खरोखर रडल्या, हे मी मान्य करते. पोरगी थंडीत चालत हद्दीपर्यंत गेली, तिथून विमानाने आली, आणि फाट्यावर उतरली तर बॅनर लागलेलं. बॅनरवर तिचा फोटो बिस्किटाएवढा आणि सत्काराला आलेल्या पुढाऱ्याचा दाराएवढा. तिच्या पायाचे फोड ओले होते, तिला भाषणं संपेपर्यंत उभं ठेवलं. लोक विचारत, "बॉम्ब पाह्यला का वं? कसा आवाज येते?" एकाने तिला आवाज काढून दाखवायला सांगितलं. तिने काढला नाही, तर म्हणाला, "भेली पोरगी."

चौथ्या दिवशी मी ओट्यावर मेथी निवडत होते, तिथे ती येऊन बसली. स्वेटर वर केलं आणि पोटाला गुंडाळलेलं कापड सोडलं. पांढरं, जाड, लुगड्याच्या पदराहून लांब. तिकडे जवसाच्या खोडाचा धागा काढून असं कापड विणतात म्हणे. आम्ही जवसाची चटणी करतो आणि खोड जाळतो. कापडाच्या दोन्ही टोकांना लाल धाग्याचं भरतकाम होतं. कुंडीतून वर निघालेलं झाड आणि झाडाच्या दोन्ही बाजूंना पाखरं.

"काकू, हे माह्यं नाई," ती म्हणाली. "माह्या घरमालकीन आजीचं हाये. निघताना तिनं माह्या पोटाले बांधून देलं. म्हने घर राह्यलं नाई राह्यलं, हे राह्यलं पायजे. मंग मांगून घेईन तुले."

तिकडे त्याला रुश्निक म्हणतात. लग्नात नवरा-नवरी त्याच्यावर उभे राहतात. देवाच्या तसबिरीवर तो घालतात, पाहुणा आला तर त्याच्यावर भाकर ठेवून पुढे करतात. प्रत्येक गावचं झाड वेगळं, पाखरं वेगळी. कापड पाहून सांगता येतं की बाई कुठल्या गावची. हे आजीच्या आईच्या गावचं होतं, आणि त्या गावावर तेव्हा तोफा चालल्या होत्या.

मी गोधड्या शिवते, म्हणून कापड हातात आलं की आधी उलटं करून पाहते. सरळ बाजू कोणीही नीट करतं. त्या कापडाच्या मागे एकही गाठ नव्हती. आणि एका टोकाच्या फुल्यांचा वरचा टाका उजवीकडे झुकलेला, दुसऱ्या टोकाच्या डावीकडे. मी म्हटलं, "हे दोघीजनीचं काम हाये." पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली. एक टोक आजीच्या आईचं होतं. दुसरं भरायच्या आधी ती वारली, ते आजीनं पोरवयात भरलं. आजी डावरी आहे.

मला त्या दिवशी स्वतःबद्दल बरं वाटलं. पुढे त्या बरं वाटण्याचा काही उपयोग झाला नाही.

पुतणी उरलेलं शिक्षण पुरं करायला दुसऱ्या देशात गेली. जाताना कापड आईकडे देऊन म्हणाली, हे आपलं नाही, सांभाळ. जाऊबाईंनी ते काचेच्या कपाटात लावलं. आल्यागेल्याला दाखवायच्या, "युक्रेनचा टॉवेल हाये, लढाईतून आनला." आणखी काय आणलं, असं एकीनं विचारलं, तर जाऊबाईंना थोडी लाजच वाटली. सगळं गाव पाहून झालं, मग त्या कापडाची किंमत उतरली. ते खालच्या कप्प्यात गेलं.

त्यानंतर धनजला जाऊबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. अशा वेळी मला आहेराच्या खोलीत बसवतात. मला चार माणसांत बोलता येत नाही, त्यामुळे मी आत बसून ताटं लावावी, हे सगळ्यांच्या सोयीचं आहे. टॉवेल, त्यावर टोपी, त्यावर नारळ. जाऊबाई एक ढीग माझ्या पुढ्यात टाकून गेल्या आणि त्या ढिगात ते कापड होतं. इस्त्री करून.

"बाई," मी म्हटलं, "हे तं पोरीचं..."

"काय पोरीचं? लांबरुंद हाये, नवरदेवाच्या मामाले शोभते. त्याले काय टेरिकॉटचा टॉवेल देऊ काय वं? नाक कापून घेऊ?"

मी घडी घातली, वर टोपी ठेवली, नारळ ठेवला. बाहेर मामाचं नाव पुकारलं. त्या मामाने ते खांद्यावर टाकून फोटो काढला. पाखरं उलटी, डोकं खाली. त्याच मांडवात भासऱ्यांनी माइक घेऊन सांगितलं की परदेशातले लोक आपली संस्कृती घ्यायला लागले आणि आपणच सोडून राहिलो.

पुढच्या वेळी पुतणी सुट्टीत आली तेव्हा आजीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे तिथेच होतो. आजीच्या घराचं छत राहिलं नाही. ती आता मुलीच्या गावी एका खोलीत राहते. तिथे बाया एका वाचनालयाच्या तळघरात ठरलेल्या दिवशी जमतात, जिच्याकडे जे जुनं कापड उरलं ते घेऊन येतात आणि त्यातलं काम टाका-टाका मोजून कागदावर उतरवून घेतात. कापड जळतं, हरवतं. कागदावर घेतलं आणि दहा जणींना दिलं तर एकीकडे तरी राहील. तिच्या आईच्या गावचं एकही कापड त्या बायांकडे नव्हतं. गावात माणूसच नव्हता. आजीच्या नातीचं लग्न ठरलं होतं. आजी म्हणाली, आता मला ते दाखव, आणि मग कोणाच्या हाती पाठवून दे.

पुतणी उठून कपाटाकडे गेली. जाऊबाई दारातच हळूच म्हणाल्या, "धुवाले टाकलं म्हन."

"म्हंजे? कुठी हाये थे?"

"देलं म्या. लग्नात. टॉवेलच तं होता. कारंज्याहून चार चांगले घेऊन देतो, पाठव तिले."

पुतणीनं फोनवर काहीतरी सांगून कॉल ठेवला आणि मग आईशी जे बोलली ते मी लिहीत नाही. भासरे म्हणाले, "आईशी असं बोलाची आपली संस्कृती नाई." पुतणी म्हणाली, "बाबा, तुमची संस्कृती टॉवेल-टोपीच्या पेटीत हाये. दुसऱ्याची बी त्याच पेटीत घातली तुमी."

दुसऱ्या दिवशी ती आणि मी धनजला गेलो. मी का गेले? एकटीला पाठवायला नको म्हणून, असं मी घरी सांगितलं. नवरदेवाचे मामा ओसरीत बसले होते. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्यांना वाटलं आम्ही भांडायला आलो.

"आहेर वापस मांगाले आल्या? अव माय! असं म्या जिंदगीत नाई पाह्यलं."

"वापस नाई मामाजी, थे चुकून गेलं," पुतणी म्हणाली. "दुसरं देतो आमी तुमाले."

"अवं पोरी, टॉवेल-टोपी घरात कोन ठेवते? आला तसा गेला. जऊळक्याले माह्या पोरीचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हना, तिथं व्याह्याले देला म्या." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "तसा भारी दिसे हं खांद्यावर. फोटो हाये माह्याकडं. फोटो पायजे काय?"

फोटो त्यांनी दाखवला. त्यांचं तोंड आणि पोट त्यात स्पष्ट आलं होतं.

जऊळक्याला ते घर स्टेशनाच्या वाटेवर होतं. व्याही शेतात गेले होते, घरात त्यांची सून होती, माझ्याहून वयानं लहान. आम्ही आत गेलो आणि बोलायच्या आधीच मला ते दिसलं. बैठकीतल्या दिवाणावर दोन उशा, आणि दोन्हींच्या अभ्र्यांवर ते झाड. कडेला सोनेरी लेस लावलेली. तिनं कापड कापलं होतं.

पुतणी दिवाणाच्या कडेवर बसली आणि एका उशीवर हात ठेवून तशीच राहिली. सुनेला वाटलं तिला ऊन लागलं. तिनं पाणी आणलं, मग चहा ठेवला, मग विचारलं. सगळं ऐकून ती खालीच बसली.

"मले काय मालूम वं ताई! मामंजी आहेरात आनलं, सासू म्हने पेटीत टाक. म्या म्हटलं, एवढी गोजिरी पाखरं पेटीत काहून टाकू? रोज दिसली पायजे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मधलं कोरं होतं, थे पोळ्या गुंडाळाले घेतलं. फाडलं नाई, हाये."

ती आत गेली आणि पोळ्यांचा डबा घेऊन आली. आत दुपारच्या पोळ्या त्या कापडात गुंडाळलेल्या होत्या, तेलाचे डाग पडलेले. पुतणी हसली का रडली ते मला कळलं नाही. म्हणाली, "काकू, तिथं बी भाकरच ठेवते याच्यावर."

ज्याच्या घरी कापड असेल त्याला नावं ठेवायची असं मी रस्ताभर ठरवलं होतं आणि ती जमली नाहीत. एवढ्या घरांतून ते कापड फिरलं, एवढ्या माणसांनी ते अंगावर घेतलं, त्यांतल्या एकालाही ते आवडलं नव्हतं. आवडलं ते फक्त हिला, आणि हिनंच त्याला कात्री लावली. तिनं तिथेच उशा उसवून दिल्या. पोळ्या तशाच उघड्या ठेवून मधला तुकडा धुऊन, पिळून दिला. वर आम्हाला हळदीकुंकू लावलं.

घरी आल्यावर भासरे म्हणाले, त्यात काय, शहरात मशीनवर हुबेहूब करून मिळते, फोटो द्या फक्त. आणि त्यांनी फोटो काढून घेतला, तो मोबाईलवरच्या गटांत पाठवला. खाली लिहिलं, युक्रेनची संस्कृती वाचवताना आमचा परिवार. फोटोत ते तुकडे हातात धरून उभे होते. शंभर जणांनी हात जोडले.

मी तुकडे माझ्या घरी नेले. डाव्या हाताचं टोक, म्हणजे आजीचं, चांगलं होतं, पण पोरवयात भरलेली तिची पाखरं जराशी वेगळी, त्यावरून आईची उतरवता आली नसती. आजीच्या आईचं टोक मात्र ज्या उशीवर त्या सुनेचा सासरा रोज दुपारी डोकं टेकायचा तिच्यावर आलं होतं. तेलानं आणि धुण्याच्या पावडरीनं लाल रंग उडालेला, घासून घासून धागेच गेलेले, दोन पाखरं जवळजवळ नाहीशी. फोटोत तिथे नुसता मळकट डाग दिसे. पण उजेडासमोर धरलं की जिथे टाका होता तिथे भोकं दिसत. सुई इतक्या वेळा त्याच भोकातून गेलेली असते की धागा गेला तरी कापड ते विसरत नाही.

मी दुकानातून गणिताची चौकोनी वही आणली. एक फुली, एक चौकोन. दुपारी मळ्यातून आल्यावर दाराशी बसून मी भोकं मोजत असे आणि वहीत फुल्या घालत असे. चार भोकं म्हणजे एक फुली. चौथीपर्यंत मला मोजायला शिकवलं होतं, एवढं पुरलं. झाड तेरा पानांवर आलं, पानं कडेला कडा लावून चिकटवायची. जाऊबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "एवढं मोजून राह्यली, तिकडं भेंडी जरड होऊन राह्यली ना." भेंडी जरड झाली, नुसती जून.

मग पुतणीनं पुन्हा कॉल लावला. आधी घरात खल झाला. जाऊबाई म्हणाल्या, "उंदरानं कुरतडलं म्हन. इतक्या दुरून तिले काय दिसते?" भासरे म्हणाले, "देशाच्या इज्जतीचा सवाल हाये. कापलं असं म्हनाचं नाई." ते फेटा बांधून आले होते. पुतणी दोघांकडे न पाहता मला म्हणाली, "काकू, तू बस समोर. तुकडे तुह्याजवळ हाये."

आजी मोबाईलमध्ये आली. पांढरे केस, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, मागे खिडकीच्या काचेवर चिकटपट्ट्यांची फुली. भासरे वाकून म्हणाले, "नमस्ते माताजी, हमारे भारत में..." आजीनं पुतणीला काहीतरी सांगितलं.

"बाबा, बाजूले व्हा म्हनते. उजेड अडून राह्यला."

मी तीनही तुकडे एकामागून एक वर धरले. आजी ओरडली नाही. एकच शब्द बोलली.

"कोनं कापलं म्हनते," पुतणी म्हणाली.

भासरे पंख्याकडे पाहत होते. जाऊबाई आत भांडी आवरायला गेल्या, तिथे भांडी नव्हती. कापडाला घाम लागू नये म्हणून मी हात लुगड्याला पुसले.

"तिले सांग," मी म्हटलं, "कापनारीले मालूम नव्हतं. मले मालूम होतं. घरातून गेलं तवा म्याच घडी घातली, म्याच वर टोपी ठेवली. हे कायचं हाये, कोनाचं हाये, सगळं मालूम होतं. बोलली नाई."

इतकं लांब मी त्या घरात कधी बोलले नव्हते. पुतणीनं ते सावकाश सांगितलं. एक वाक्य सांगताना ती थांबली, तेव्हा मी म्हटलं, सगळं सांग.

 आजी माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मला ते बरं वाटलं. मी म्हटलं, मी हे जोडून देते, जोड दिसणार नाही असं. आजीनं मान हलवली. जोडू नको, तीन तुकडे तसेच पाठव, इथे आमच्या बाया जोडतील. ते मला लागलं. पण ज्यांच्या घरात असं झालं त्यांच्या सुईवर कोणी का भरवसा ठेवावा?

मग तिनं वही मागितली. मी एक-एक पान मोबाईलसमोर धरलं. ती ओठ हलवत मोजत होती, बोटानं हवेत फुल्या घालत. सातव्या पानावर तिनं हात वर केला.

"थांब म्हनते," पुतणी म्हणाली. "पाखराच्या पायाले चारच फुल्या घातल्या तू. तिची आई पाच घाले."

मी कापड उजेडाकडे धरलं. पायाच्या बाजूने लेसची मशीनशिवण गेली होती आणि तिथली सगळी भोकं मी मशीनची समजून सोडली होती. नखानं शिवणीचा राहिलेला दोरा काढला. खाली चार भोकं होती, जुनी, मोठी, हाताच्या सुईची.

मी पाचवी फुली घातली आणि वही पुन्हा वर धरली. आजीनं ती पाहिली, चष्मा नाकावर नीट केला आणि पान उलटायची खूण केली.